गंज टिकतो, वंगण संपतं

अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर लोखंडाचा निभाव लागत नाही. खिडक्यांचे गज दोन पावसाळ्यांत तांबूस होतात, बिजागऱ्या आखडतात, विहिरीवरच्या रहाटाची कडी खपल्या सोडू लागते. पण याच हवेत, नारळी-पोफळीच्या एखाद्या वाडीतल्या घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या कॅसेटींचा डबा पडलेला असतो. त्यातल्या फितीवरचं लोखंड चाळीस वर्षांनीही जसंच्या तसं असतं. खारा वारा त्याला गंजवू शकत नाही, कारण ते मुळातच गंज आहे.

फितीचा तो तपकिरी रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड. दारावरच्या गंजाचं हे भाऊबंदच, फक्त दारावरचा गंज चुंबकाला फारशी दाद देत नाही आणि हा देतो. कारखान्यात आधी पिवळ्या गंजाचे सुईच्या आकाराचे बारीक कण तयार करतात. ते तापवतात, त्यांच्यातला थोडा प्राणवायू काढून घेतात आणि मग जपून पुन्हा परत देतात. एवढ्या खटाटोपानंतर कणाचा आकार तोच राहतो, आतली रचना मात्र बदलते आणि तो चुंबक होतो. त्याचं नाव गॅमा फेरिक ऑक्साइड. एकेक कण साधारण अर्धा मायक्रॉन लांब, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असे अब्जावधी कण पातळ पॉलिएस्टरच्या पट्टीवर एका दिशेने निजवून चिकटवले की टेप तयार होते.

ही कल्पना जर्मनीच्या ड्रेस्डेनमधल्या फ्रिट्झ फ्लॉयमर यांची. 1928 साली त्यांनी कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चिकटवून आवाज साठवण्याचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी, 1930 मध्ये, मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेलेले सालिम अली किहीमला समुद्राकाठच्या घरी राहायला आले आणि इथल्या सुगरणींच्या घरट्यांसमोर बसून नर-माद्यांच्या संसाराची नोंद घेऊ लागले. सुगरण पक्ष्यावरचा त्यांचा तो अभ्यास जगभर गाजला. पण तेव्हा आवाज टिपणारी टेप कुणाच्याच हाती नव्हती. त्या थव्यांचा 1930 सालचा कलकलाट कायमचा गेला, उरली ती वहीतली अक्षरं. पुढे 1935 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात जर्मन कंपन्यांनी टेपरेकॉर्डर लोकांसमोर मांडला, 1963 मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, आणि 1980 च्या दशकात ती आपल्याकडे खेडोपाडी पोचली.

कॅसेटची फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने हेडसमोरून, म्हणजे आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकासमोरून, जाते. आता जरा हिशेब करून पाहा. सेकंदाला दहा हजार कंपनं असलेला आवाज, म्हणजे झांजेच्या किणकिणाटातला तो चकचकीत भाग, फितीवर नोंदला जातो तेव्हा त्याची एक पूर्ण लहर 4.76 मायक्रॉनमध्ये बसते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे 70 मायक्रॉन धरली, तर एका केसाच्या आड अशा चौदा-पंधरा लहरी मावतात. आणि ही झाली फक्त झांज. तिच्याच खाली, त्याच जागेत, पखवाजाचा धूम, गाणाऱ्याचा श्वास, मागे कुणीतरी खोकलेलं, हे सगळं त्याच कणांच्या चुंबकत्वात एकमेकांवर रचलेलं असतं. मला हे कितीही वेळा वाचलं तरी पुरतं खरं वाटत नाही.

हे चुंबकत्व किती पक्कं असतं, ते समजून घ्यायला किहीमहून लांब जायला नको. दहा-बारा किलोमीटरवर अलिबागला 1904 पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक चुंबकांना त्या प्रवाहांचा उपद्रव होणार हे ओळखून ही नोंद खाडीपलीकडे अलिबागला हलवण्यात आली, आणि 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मापन चाललं, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींचा सांधा बिनचूक जुळावा. ती वेधशाळा पृथ्वीचं जे चुंबकीय क्षेत्र मोजते, ते या किनाऱ्यावर साधारण 0.04 मिलिटेस्ला भरतं. साध्या कॅसेटच्या फितीवरचे कण उलटे फिरवायला लागणारं क्षेत्र याच्या शेकडो पट आहे. पृथ्वीने शंभर वर्षं प्रयत्न केला तरी कपाटातल्या कॅसेटमधलं गाणं तिला पुसता येणार नाही. लाउडस्पीकरचं मोठं चुंबक अगदी जवळ ठेवलं तर गोष्ट वेगळी.

मग जुनी कॅसेट लावल्यावर ती का किंचाळते? आवाज आधी दबतो, मग थरथरतो, मग यंत्रातूनच एक बारीक, चिरका, लांबलचक सूर निघतो आणि फीत जागच्या जागी अडते. लोक म्हणतात, कॅसेट गेली. पण आवाज गेलेला नसतो. तो गंजात शाबूत असतो. त्याला धरून ठेवणारा गोंद आणि फितीला सरकू देणारं वंगण, ही दोन म्हातारी झालेली असतात.

होय, वंगण. टेप कारखान्यातून वंगण घातलेली येते, हे अनेकांना ठाऊक नसतं. कण चिकटवण्याच्या गोंदातच स्निग्धाम्लांपासून केलेले पदार्थ मिसळतात. ब्युटाइल स्टिअरेट हा त्यांतला एक. स्टिअरिक आम्ल चरबीत आणि वनस्पतितुपातही असतं. थराच्या वजनाच्या जेमतेम काही टक्के एवढंच हे वंगण, पण गोंदाच्या सूक्ष्म छिद्रांतून ते हळूहळू पृष्ठभागावर पाझरत राहतं आणि हेडवरून जाताना फितीला अडखळू देत नाही. प्रत्येक वेळी कॅसेट वाजली की त्यातलं थोडं यंत्राला पुसलं जातं. न वाजवता ठेवली तरी काही वाफ होऊन जातं. आणि दमट हवेत त्याच्या रेणूंचे तुकडेही पडतात, कारण पाणी एस्टर जातीच्या रेणूंना तोडतं. मिठाला पाणी सुटतं त्या दिवसांत किहीमच्या कपाटातल्या कॅसेटींमध्ये ही तोडफोड गुपचूप चालू असते.

वंगण गेल्यावर होतं ते बैलगाडीच्या आसाचं होतं. कोरडा आस करकरतो, कारण चाक सलग फिरत नाही, क्षणभर धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. टेप हेच करते, फक्त सेकंदाला हजारो वेळा. कॅपस्टन, म्हणजे यंत्रातली फिरती दांडी, फितीला ओढतो, फीत हेडला चिकटते, ताण वाढतो, ती सुटून पुढे झेपावते आणि पुन्हा चिकटते. पॉलिएस्टरची ती पट्टी लांबीच्या दिशेने कंप पावू लागते. यंत्रातून येतो तो सूर हा. पण खरी हानी ऐकू येते त्याहून खोल आहे. फितीचा वेगच सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होत असल्यामुळे नोंदलेल्या आवाजाचा प्रत्येक स्वर त्या थरथरीने भरून जातो. अशी केलेली नक्कल नंतर संगणकावर कितीही साफ करा, तो चिरका सूर गाण्यात विणला गेलेला असतो. म्हणून उपाय नक्कल करण्याआधी व्हायला हवा.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. किहीम आणि शेजारचं नवगाव हा बेने इस्रायली समाजाचा मूळ मुलूख. जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून त्यांनी आडनावं घेतली; ‘बेने इस्रायलांचा इतिहास’ 1897 मध्ये इंग्रजीत लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर हे नावाप्रमाणे किहीमचेच. त्यांचं ते पुस्तक 1937 मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. या समाजाचा कोकणातला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, मराठी कीर्तनं आणि गाणी सोबत घेऊन. तेल काढणाऱ्यांच्या या गावाबद्दल लिहिताना वंगणाचा विषय निघावा, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

पण घाण्याचं तेल टेपला चालत नाही. खोबरेल नाही, शिवणयंत्राचं तेल नाही, गंजलेल्या बोल्टवर फवारतात तो फवारा तर मुळीच नाही. कारण पुन्हा त्या 4.76 मायक्रॉनच्या लहरीत आहे. फीत आणि हेड यांच्यामध्ये अंतर पडलं की बारीक लहरींचा आवाज झपाट्याने घटतो. गणित सांगतं की अर्ध्या मायक्रॉनचा थर मधे आला तर त्या झांजेचा आवाज जवळजवळ निम्मा होतो. हाताने लावलेल्या तेलाचा थर याहून सहज जाड होतो. शिवाय तेल उडून जात नाही, धूळ धरतं, एका वेढ्यावरून दुसऱ्यावर पसरतं आणि पुढे गोंदात मुरतं. म्हणजे असं वंगण हवं जे जवळपास शून्य जाडीचं असेल, गोंदाला विरघळवणार नाही आणि काम झाल्यावर निघून जाईल.

असं एक द्रव आहे. नाव लांबलचक, डेकामिथिलसायक्लोपेंटासिलोक्सेन. टेपवाले त्याला नुसतं डी-5 म्हणतात. सिलिकॉन जातीचा हा पाण्यासारखा पातळ पदार्थ केसांच्या सीरममध्ये आणि प्रसाधनांमध्ये असतो, लावताना रेशमी वाटतं आणि थोड्या वेळाने काहीच उरत नाही ते याच्यामुळे. रीळ वाजवताना हेडच्या आधी, फितीच्या वाटेत नमद्याची किंवा न विणलेल्या मऊ कापडाची पट्टी ठेवतात आणि तिच्यावर थेंब सोडत राहतात. फीत त्यावरून घासत जाते, तिच्यावर नजरेला न दिसणारा ओलावा येतो, किंचाळी थांबते. वाजून झाल्यावर काही काळाने तो ओलावा उडून जातो. सीरमची बाटली आणून तेच करावं असं मात्र कुणी समजू नये, तिच्यात आणखी दहा पदार्थ असतात.

दुसरी वाट मारी ओकॉनेल यांनी दाखवली. त्या ध्वनिजतनाच्या क्षेत्रातल्या. त्यांनी वाजवतानाच फितीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून ती ओली ठेवली आणि एरवी न वाजणाऱ्या रिळांची नक्कल करून घेतली. तिसरी वाट मला सगळ्यात विलक्षण वाटते. कॅनडाचे रिचर्ड हेस हे टेप दुरुस्तीतलं मोठं नाव. काही किंचाळणाऱ्या फितींचं निरीक्षण करून त्यांनी म्हटलं की इथे वंगण संपलं असेलच असं नाही, गोंदच मऊ पडला आहे. प्रत्येक प्लास्टिकचं एक तापमान असतं, त्याच्या वर ते रबरासारखं आणि खाली काचेसारखं वागतं. गोंद म्हातारा झाला की हे तापमान उतरत उतरत खोलीतल्या तापमानाच्याही खाली जातं, आणि फीत आपल्या बैठकीच्या खोलीत रबर होऊन बसते. मग तिला थंड करा. हेस यांनी यंत्रासकट टेप फ्रीजमध्ये ठेवून वाजवली आणि ती गुमान वाजली. त्यांचा या विषयावरचा लेख 2008 मध्ये ध्वनिसंग्राहकांच्या अमेरिकी संघटनेच्या नियतकालिकात आला. आपल्या किनाऱ्यावर हे करताना दव धरण्याचं भय मोठं, म्हणून आतली हवा कोरडी राखावी लागते.

एक रोग यापेक्षा निराळा आहे आणि त्याची गल्लत झाली तर फीत हातची जाते. काही रिळं किंचाळतात, शिवाय हेडवर तपकिरी चिकट राड सोडतात. त्यात गोंदाने इतकं पाणी शोषलेलं असतं की त्याचे लांब रेणू तुटून आखूड आणि चिकट झालेले असतात. तुटताना आम्लं तयार होतात आणि ती आम्लं पुढची तोडफोड आणखी वाढवतात. अँपेक्सच्या 406 आणि 456 या गाजलेल्या फितींना हा रोग झाला आणि स्टुडिओंची झोप उडाली. त्यावरचा उपाय म्हणजे फीत भाजणं: सुमारे 54 अंश सेल्सियसला आठ तास किंवा अधिक, तापमान अचूक धरणाऱ्या यंत्रात. स्वयंपाकघरातली भट्टी इथे उपयोगाची नाही. भाजलेली फीत काही आठवडे किंवा महिने पुन्हा शहाण्यासारखी वागते, तेवढ्यात नक्कल उरकायची. ज्यांचं वंगण संपलं आहे त्यांना भाजून काही मिळत नाही, आणि ज्यांचा पाया ॲसिटेटचा आहे अशा जुन्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या रिळांचा तर भाजल्याने नाशच होतो.

घरगुती कॅसेटच्या बाबतीत एक दिलासा आहे. तिथे किंचाळीला पुष्कळदा फीत जबाबदार नसते. कॅसेटच्या पोटात फितीच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत पातळ कागद असतात, कोपऱ्यांत छोटी चाकं असतात आणि मध्ये नमद्याचा प्रेशर पॅड. चाकं अडकतात, कागद मुरडतो, पॅडचा गोंद सुटतो. अशा वेळी स्क्रूने उघडणाऱ्या चांगल्या कॅसेटचं कवच घ्यायचं आणि आतली दोन्ही चक्रं फितीसकट त्यात बसवायची. हात स्थिर असेल तर अर्ध्या तासाचं काम. रबराचा रोलर आणि हेड आधी साफ करून घ्यावं. नवं कवच आणि साफ यंत्र यांनी भागलं नाही तरच थंडावा, आणि त्यानेही भागलं नाही तर वंगण. जाणते लोक हाच क्रम सांगतात आणि मलाही तो पटतो, कारण एकदा फितीवर काही लावलं की ती पूर्ववत होत नाही. पांढरी बुरशी दिसली तर मात्र काहीच वाजवू नये. ती यंत्रात पसरते, तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींवर आणि आपल्या छातीतही जाते.

हे सगळं करायचं कशासाठी? कारण आपला बराचसा आवाज छापील पुस्तकांत कधी आलाच नाही. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते तेव्हा तिच्यासमोर पोथी नसते. कोळीगीतांच्या जितक्या कॅसेटी निघाल्या त्याहून कितीतरी अधिक गाणी हळदीच्या रात्री कुणाच्या तरी घरच्या टेपवर टिपली गेली आणि तिथेच राहिली. महाराष्ट्रात याचं सर्वांत मोठं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यातल्या सुमारे 120 तासांच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेही डिजिटल ऑडिओ टेपवर. तिची रुंदी कॅसेटएवढीच, 3.81 मिलिमीटर, पण तिच्यावर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो आणि हेड मिनिटाला 2000 फेऱ्या घेत तो वाचतं. अशी फीत अडखळली तर आवाज खराब होत नाही, एकदम नाहीसा होतो. जातं घराघरांतून गेलं आणि त्यावर गाणाऱ्या बायका एकेक करून जात आहेत. 2017 पासून ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहाने या ओव्या आवाजासह लोकांपुढे आणायला घेतल्या, म्हणून त्या आज ऐकता येतात. फिती वेळेत वाचल्या नसत्या तर उरली असती ती फक्त कागदावरची ओवी, दळणाऱ्या हाताची लय आणि जात्याची घरघर वजा करून.

वंगण टेपला बरं करत नाही, हे मनाशी पक्कं धरावं. ते एक फेरी उसनी देतं. त्या एका फेरीत नक्कल व्हायला हवी आणि ती चांगली व्हायला हवी. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे की निदान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटची, शक्य तर 96 किलोहर्ट्झची, न दाबलेली फाइल करावी. कॅसेटसमोर मोबाइल धरून केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे नक्कल नव्हे.

वेळही फार उरलेला नाही. युनेस्कोने याच संघटनेबरोबर 2019 मध्ये टेपबद्दल धोक्याचा इशारा देणारी मोहीम काढली होती. त्यांचा अंदाज असा की 2025 च्या आसपास टेप वाजवण्याची नेहमीची सोय संपत येईल, कारण फितीच्या आधी यंत्रं, सुटे भाग आणि ती हाताळणारी माणसं संपतात. ते वर्ष येऊन गेलं आहे.

तेव्हा कपाटावरचा डबा खाली काढा. विकत घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेटी बाजूला ठेवा, त्यांची दुसरी प्रत कुठे ना कुठे असणार. घरात टिपलेल्या निवडा: आजीचं गाणं, गावचं कीर्तन, परदेशी गेलेल्या मामाने पाठवलेला निरोप. प्रत्येकीवर आवाज कुणाचा, गाव कोणतं, साल अंदाजे कुठलं हे लिहा. ते सांगू शकणारी माणसं अजून आहेत तोवरच हे होईल. त्या कोरड्या जागी, शक्य तर किनाऱ्यापासून दूर, उभ्या ठेवा. आणि लावल्यावर एखादी किंचाळली, तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा लावून पाहू नका आणि टाकून देऊ नका. जाणकाराकडे न्या.